सिनानचे साठ दिवस

मी तोंडाची फटकळ आहे हे दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधली अनहार जेव्हा मला म्हणाली, "शैलजा, माझ्या मुलाला यातलं काही कळवायचं नाही," तेव्हा मी आडपडदा न ठेवता विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

ती हसली. हसलं की तिला धाप लागायची, म्हणून हसणं अर्धवट सोडून ती उशीला टेकली. त्याच सकाळी आम्ही तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय पार थकलंय, आता औषधांनी फक्त त्रास कमी होईल. काही आठवडे, कदाचित त्याहून कमी. मी हे तिला गोड शब्दांत गुंडाळून सांगायला लागले, तर म्हणाली, "मी गणिताची बाई आहे. मला उत्तर सांग, रीत नको." मग सांगितलं. काय करणार!

अनहार इराकची, दक्षिणेकडच्या अमारा गावची. तिथे मुलींच्या शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं. नवरा चांदीवर काळी नक्षी काढणारा कारागीर होता; तो गेल्यावर मुलाने तिला दोह्याला आणलं. मुलगा सिनान रास लफानला गॅसच्या कारखान्यात, माझ्या नवऱ्याच्या, प्रतापच्याच सेक्शनमध्ये इंजिनीअर. पहिलं वर्षभर मी त्यांना मुसलमान समजत होते. मग रविवारी मायलेक पांढरे कपडे घालून बसतात म्हणून ख्रिश्चन समजायला लागले. शेवटी एकदा चहा पिता पिता तिनेच सांगितलं, "आम्ही मांदाई. धर्म फार जुना, माणसं फार थोडी." तिचं इंग्रजी शाळेतलं, माझं हिंदीची फोडणी दिलेलं, आणि दोघींच्या मधे अरबीतलं हबीबती, म्हणजे लाडके, आणि खलास. आमचं कधी अडलं नाही.

आणि सिनान गेला होता अमाराला, तर्मिदा व्हायला. तर्मिदा म्हणजे त्यांच्यातला पहिल्या पायरीचा पुजारी. अनहारचे वडील तर्मिदा होते. त्यांच्यानंतर लढाया, पळापळ, कोण सिडनीला, कोण स्वीडनला. घराण्यात पुन्हा कोणी झालंच नाही. सिनानच्या मनात ते कधी शिरलं कोण जाणे, पण तीनेक वर्षं तो ड्यूटीवरून आला की आजोबांच्या प्रार्थना पाठ करत बसायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. पुजाऱ्याने दाढीला कात्री लावायची नसते, म्हणून त्याने दाढी वाढवली. आता रास लफानला गॅसच्या भागात जायचं तर तोंडावर मास्क घट्ट बसला पाहिजे, दाढीवाल्याला आत सोडत नाहीत. प्रतापने त्याला बसवून समजावलं, "अरे, फील्डचा अलाउन्स जाईल, प्रमोशन जाईल." हा म्हणाला, "जाऊ दे, सर." आणि गेला कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसायला. प्रताप घरी येऊन चिडचिड करत होता, पण त्या चिडण्यात थोडं कौतुकही होतं.

या पुजारीपणाचे नियम ऐकून तर मी गारच पडले. आमच्या धवलची मुंज नाशिकला झाली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, भिक्षावळीत मिळालेले लाडू खाऊन मांडवातच झोपला. इथे आधी उमेदवाराच्या अंगावर काही व्यंग नाही ना ते बघतात. मग नदीकाठी वेताची झोपडी बांधतात आणि त्यात गुरूपाशी सात दिवस-रात्र डोळ्याला डोळा लावायचा नाही, प्रार्थना म्हणत राहायचं. ते पार पडलं की पुढे साठ दिवस एकट्याने राहायचं. आपली भाकरी आपण भाजायची, कोणाला शिवायचं नाही, कोणी याला शिवायचं नाही. मधेच उठला, घरी गेला, मयताशी संबंध आला, की सगळं मोडलं. पुन्हा पहिल्यापासून. आणि सिनानच्या बाबतीत पुन्हा पहिल्यापासून हेही कठीण होतं, कारण गुरू ऐंशीच्या पुढचे आणि आजारी. त्यांच्यानंतर त्या गावात दीक्षा देणारं कोणी नव्हतं.

सिनान निघाला तेव्हा अनहार ठणठणीत होती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. दारात बॅग ठेवून त्याने मला एक नंबर दिला, गुरूंच्या घरचा. "आंटी, तिला काही झालं तर इथे कळवा. ती स्वतः सांगायची नाही." मी म्हटलं, "तू निश्चिंत जा रे राजा." हा माझा पहिला शब्द.

दुसरा शब्द मी त्या हॉस्पिटलमधून आणलेल्या दिवशी दिला. अनहारने माझा हात धरला आणि मला नीट समजावून सांगितलं, वर्गात समजावतात तसं.

"त्याला कळलं आणि तो आला, तर तो तर्मिदा होणार नाही. कळलं आणि नाही आला, तर जन्मभर स्वतःला खाईल. दोन्हीकडून नुकसान. म्हणून त्याला कळायलाच नको. साठ दिवस झाल्यावर सांग. तेव्हा त्याच्यापाशी निवडायला काही उरलेलं नसेल."

"आणि तुला नाही वाटत त्याला एकदा बघावंसं?"

"ते मी तुला विचारलं का?" ती म्हणाली.

 मी सवयीने, अगदी तोंडाच्या सवयीने म्हणून गेले, "बरं बाई, नाही सांगत. धवलची शपथ." बोलले आणि जीभ चावली. आपण शपथ घालतो ती किती सहज घालतो! पण तोंडातून गेलं ते गेलं.

पुढचे दिवस मी त्या घरात आणि माझ्या घरात अशी येरझारा घालत होते. सकाळी तिला पेज, दुपारी मऊ भात, संध्याकाळी नर्स येऊन जायची. बोलायला बसली की ती सिनानच्या लहानपणाचं बोलायची. त्यांच्यात धर्माचं नाव वेगळं असतं आणि ते आईच्या नावाने लावतात. पासपोर्टवर बापाचं नाव, पण नदीत उतरून पुजाऱ्यासमोर उभं राहायचं ते अमक्या आईचा मुलगा म्हणून. मला हे फारच आवडलं. मी म्हटलं, "आमच्याकडे नऊ महिने वागवायचं आम्ही आणि मधलं नाव बापाचं." ती म्हणाली, "देवाकडचा हिशोब बरोबर असतो."

पण तिचे पाय सुजत चालले. मग बोलणं कमी झालं. त्या शुक्रवारी नर्स सकाळीच येऊन गेली आणि जाताना दारात मला म्हणाली, "मॅडम, घरच्यांना बोलवा." घरचे म्हणजे कोण? मी होते. दोह्यात त्यांच्यातली दोन-तीन कुटुंबं होती, तीही वर्षभरात ऑस्ट्रेलियाला निघून गेलेली.

मी घरी आले. प्रताप सुट्टीचा पेपर मोबाईलवर वाचत पोहे खात होता.

"मी सिनानला फोन करतेय," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "तू तिला शब्द दिलायस."

"त्यालाही दिलाय."

"तिचा मोठा. मरणारी ती आहे."

"म्हणूनच!" माझा आवाज चढला. "प्रताप, अमाराला जवळचा एअरपोर्ट बसऱ्याचा, तिथून विमानाने दीड तास. दीड तासावर मुलगा आहे आणि ही बाई शेजारणीच्या हातचं पाणी पिऊन जाणार? शेवटचं पाणी मुलाने घालायचं असतं. कुठला आलाय धर्म एवढा कडक?"

"त्यांच्यात तसं नसेल."

"आई सगळ्यांच्यात सारखीच असते."

त्याने चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "शैला, तू धवलवर चिडली आहेस का?"

धवल टोरांटोला आहे. दर शुक्रवारी फोन करतो, दोन वर्षांत आला नाही. मला रागच आला, कारण बरोबर होतं ते. मी कोणासाठी भांडत होते ते मला कळत होतं. कळूनसुद्धा मी बेडरूममध्ये जाऊन दार लावलं आणि नंबर फिरवला.

पलीकडे कोणी बाई. माझं अरबी म्हणजे भाजीवाल्यापुरतं. "सिनान... उम्म सिनान... मरीदा, वाजिद मरीदा," मी ओरडत होते, जसं काही ओरडलं की अरबी सुधारतं. त्या बाईला सिनानची आई फार आजारी आहे एवढं कळलं. बराच वेळ नुसता वारा आणि कोंबड्यांचा आवाज. मग लांबून सिनानचा आवाज आला. "आंटी, मोठ्याने बोला. फोन त्यांनी चटईवर ठेवलाय, मला हात लावता येत नाही."

मी सगळं सांगितलं. हॉस्पिटल, डॉक्टर, सुजलेले पाय, नर्स. तिने कळवू नको म्हटलं होतं तेही सांगितलं. 

"किती वेळ आहे?" त्याने विचारलं.

"आज. उद्या. तू संध्याकाळचं विमान पकड. प्रताप एअरपोर्टवर येईल घ्यायला."

 

"मी येणार नाही, आंटी."

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं म्हटलं की तुझी आई श्वासाला महाग झालीये आणि तू तिथे भाकऱ्या भाजत बसलायस. म्हटलं की असल्या पुजारीपणाला मी पायातली वहाण दाखवीन. म्हटलं की ती गेल्यावर तू कोणाचा मुलगा म्हणून नदीत उभा राहणार आहेस? हे शेवटचं बोलायला नको होतं.

तो थांबला होता, माझं संपेपर्यंत. मग म्हणाला, "आंटी, माझं ऐका, वेळ कमी आहे. जीव जायच्या आधी तिच्या अंगावर आमचा पांढरा पोशाख हवा. कपाटात खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीत गुंडाळलाय. आधी पाण्याने पुसून घ्या, मग घाला. डोकं उत्तरेला नको, पाय उत्तरेला, म्हणजे उठवलं तर तोंड उत्तरेकडे होईल. तुम्ही करा."

"मी? मी तुमच्यातली नाही."

"माहितीये. तुम्ही केलेलं नियमाला पुरं पडणार नाही. आमच्यातलं कोणी नसताना, लांब कुठे माणूस गेलं, काही अपुरं राहिलं, तर ते नंतर पुरं करायचा विधी आहे. त्याला पुजारी लागतात, एक नाही, अनेक. आणि आता ते बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. मी आज इथून उठलो तर तिचा हात धरायला मिळेल. पण पुढे तिच्यासाठी उभं राहायला एक माणूस कमी होईल. आणि तो मी असेन. मी तिच्याचसाठी बसलोय, आंटी."

मग तो रडला. एवढा मोठा बाप्या, छातीपर्यंत दाढी, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. पुन्हा पुन्हा आईला हाक मारत होता. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवणारं कोणी नव्हतं, कारण त्याला शिवायचं नव्हतं. मी इथे दोह्यात पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते आणि मला काहीएक करता येत नव्हतं. तेव्हा मला कळलं की अनहारला त्याला कशापासून वाचवायचं होतं. ते मी दहा मिनिटांत त्याच्या पदरात टाकलं होतं.

कोणीतरी फोन उचलून बंद केला.

मी तोंड धुतलं. समोरच्या घरात गेले. अनहार जागी होती, डोळे दाराकडेच. मी पातेल्यात पाणी घेतलं, तिचं अंग पुसलं, मग कपाटाचा खालचा कप्पा उघडून चादरीतलं गाठोडं काढलं. पांढरा सदरा, विजार, लोकरीचा कमरपट्टा, डोक्याला गुंडाळायचं कापड, खांद्यावरून सोडायची लांब पट्टी. कुठेही रंगाचा धागा नाही. मी तिला एका कुशीवर करून सदरा चढवला. तिचं वजन किती कमी झालं होतं! कमरपट्ट्याची गाठ मी मारली ती तिने बोटांनी चाचपली आणि मान हलवली. मी सोडली, पुन्हा मारली. दुसऱ्यांदा जमली असावी. मग पलंग फिरवायला प्रतापला हाक मारली. त्याने खिडकीतून उन्हाचा अंदाज घेऊन उत्तर दाखवली, दोघांनी मिळून पलंग वळवला आणि तो बाहेर जाऊन बसला.

अनहार माझ्याकडे बघत होती.

"पोशाख कुठे ठेवलाय ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "उत्तरेचंही नव्हतं सांगितलं."

मी खाली मान घातली. 

"मी शपथ मोडली," मी म्हटलं. "मुलाची घेतली होती. आमच्यात ज्याला शपथ दिली त्याने 'सुटली' म्हटलं की सुटते. म्हण गं, अनहार. सुटली."

"सुत्ली," ती म्हणाली. अर्थ तिने विचारला नाही. थोडा दम घेतला. "कधी येतोय?"

तिच्या डोळ्यांत भीती होती. मी आजपर्यंत पाहिलेली तिची एकमेव भीती. मुलगा येईल याची.

"येत नाही," मी म्हटलं. "सगळं ऐकलं आणि म्हणाला, येत नाही. इथेच बसतो म्हणाला, तिच्यासाठी."

तिने डोळे मिटले. मला वाटलं आता ती तोंड भिंतीकडे करील. मी तयारच होते, चार शब्द त्याच्या बाजूने बोलायला, ज्याला मी अर्ध्या तासापूर्वी वहाण दाखवली होती त्याच्या बाजूने. पण तिचा चेहरा मोकळा होत गेला. इतके दिवस ओठ घट्ट धरलेले असायचे, ते सैल झाले.

"मग झाला तर्मिदा," ती म्हणाली. "साठ दिवस कशाला, आजच झाला."

मी तिचा हात धरून बसले. खाली कोणाची तरी गाडी हॉर्न वाजवत होती. तिचा श्वास थांबत थांबत येत होता, आणि मधेच तिने बोटं आवळली.

"रडला का?"

"काय?"

"सिनान. रडला का तो?" मग तिने मला सांगितलं, एकेक शब्द सुटा सुटा. जाणाऱ्यासाठी त्यांच्यात रडायचं नसतं. मागे राहिलेल्यांनी जेवढे अश्रू गाळावेत तेवढी जाणाऱ्याच्या वाटेत नदी वाहते, आणि ती त्याला एकट्याने पार करावी लागते. म्हणून पुजाऱ्याने तर मुळीच रडायचं नसतं.

माझ्या कानात ते हुंदके अजून होते. मी तोंड सरळ ठेवून म्हटलं, "नाही. अजिबात नाही रडला."

"अजिबात?"

असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. गणिताची बाई नव्हती ती तेव्हा, पुजाऱ्याची आईसुद्धा नव्हती. नुसती आई होती, मुलाची वाट बघून थकलेली. मला आतून भडभडून आलं. 

"थोडासा," मी म्हटलं. "अगदी थोडासा रडला."

"थोडासा चालेल," अनहार म्हणाली. "तेवढी मी ओलांडीन."